खाद्य अळंबी आणि कर्करोग : पहिल्याच चाचणीवर आपण का थांबतो?

आपल्या विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत वनस्पतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान किंवा औषधनिर्माणशास्त्र या विषयांत जे शोधनिबंध लिहिले जातात, त्यांत एक विषय वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा येतो. एखादी खाद्य अळंबी घ्यायची, तिचा अर्क काढायचा, तो काचपात्रात वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशींवर टाकायचा आणि पेशी मेल्या की त्या अळंबीत कर्करोगविरोधी गुण असल्याचा निष्कर्ष नोंदवायचा. कधी धिंगरी (ऑयस्टर) असते, कधी बटण, कधी दुधी अळंबी, कधी शिताके. पेशी कधी स्तनाच्या कर्करोगाच्या, कधी यकृताच्या, कधी गर्भाशयमुखाच्या. निष्कर्ष मात्र जवळपास ठरलेला. या कामावर खर्च होणारा पैसा सार्वजनिक असतो, त्यात विद्यार्थ्यांची उमेदीची वर्षे जातात आणि त्यातून निघालेले विधान शेवटी कर्करोगाच्या रुग्णापर्यंत पोहोचते, म्हणून हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेतल्या माणसांचा राहत नाही. अळंबीतील द्रव्यांची चाचणी होऊ नये असे माझे म्हणणे नाही. ती व्हायलाच हवी. पण ज्या पायरीवर आपण ती सुरू करतो त्याच पायरीवर ती संपवतो, शिवाय खाद्य अळंबीच्या बाबतीत ती पायरीच बहुधा चुकीची असते, असे माझे ठाम मत आहे.

ही चाचणी प्रत्यक्षात कशी होते, ते आधी जवळून पाहावे. बाजारातून किंवा एखाद्या उत्पादकाकडून आणलेली धिंगरी चिरून मंद उष्णतेवर वाळवतात, मिक्सरमध्ये तिची भुकटी करतात आणि ती मेथॅनॉल, इथेनॉल किंवा गरम पाण्यात काही तास उकळतात अथवा भिजत ठेवतात. द्रावक उडवून लावल्यावर चंचुपात्राच्या तळाशी तपकिरी, चिकट, उग्र वासाचा थर उरतो, हाच अर्क. त्यात शर्करा, प्रथिने, मेदाम्ले, फिनॉलवर्गीय द्रव्ये, क्षार असे शेकडो पदार्थ एकत्र असतात. दुसरीकडे ९६ खळग्यांच्या प्लास्टिकच्या तबकात कर्करोगाच्या पेशी गुलाबी पोषक द्रवात वाढत असतात. अर्काच्या चढत्या मात्रा त्या खळग्यांत सोडतात, एक ते तीन दिवस वाट पाहतात आणि मग एमटीटी नावाचे पिवळे द्रव्य घालतात. जिवंत पेशींतील विकरे (एन्झाइम) त्या पिवळ्या द्रव्याचे जांभळ्या स्फटिकांत रूपांतर करतात. जांभळा रंग गडद असेल तर पेशी जिवंत, फिका असेल तर मेलेल्या किंवा मंदावलेल्या. यंत्र त्या रंगाची तीव्रता मोजते, त्यावरून आलेख निघतो आणि निम्म्या पेशी थोपवण्यासाठी किती मात्रा लागली तो आकडा मिळतो. १९८३ मध्ये मॉसमन यांनी मांडलेली ही पद्धत स्वस्त आहे, सोपी आहे आणि योग्य जागी वापरली तर अत्यंत उपयुक्तही आहे.

पण तो जांभळा रंग नेमके काय सांगतो? त्या खळग्यातील पेशींची चयापचयाची हालचाल कमी झाली, एवढेच. ती का कमी झाली, कोणत्या द्रव्यामुळे झाली, निरोगी पेशींवर तोच अर्क टाकला असता तर काय झाले असते, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या रंगात नसते. अळंबीच्या अर्कात तर आणखी एक गोम आहे. त्यातील क्षपणकारी द्रव्ये पेशी नसतानाही एमटीटीला थेट जांभळे करू शकतात, त्यामुळे मेलेल्या पेशी जिवंत भासू शकतात. उलट फिनॉलवर्गीय द्रव्ये पोषक द्रवात हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात आणि पेशी त्या पेरॉक्साइडने मरतात, ज्याचा अळंबीच्या औषधी गुणाशी काही संबंध नसतो. पेशीविरहित खळगा, निरोगी पेशींचा खळगा आणि प्रस्थापित औषधाचा खळगा असे तीन तुलनेचे खळगे सोबत नसतील, तर आलेख कितीही सुबक असला तरी त्याला अर्थ नाही. अनेक निबंधांत या तिघांपैकी एखादा तरी गायब असतो, हे वाचताना मनाला फार लागते, कारण तो घालायला फारसा खर्च येत नाही.

मात्रेचा प्रश्न तर याहून साधा आहे आणि तो क्वचितच विचारला जातो. कच्च्या अर्काच्या बाबतीत अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या निकषाचा हवाला सर्वत्र दिला जातो. निम्म्या पेशी थोपवणारी मात्रा दर मिलिलिटरला साधारण २० ते ३० मायक्रोग्रॅमच्या आत असेल तरच अर्क पुढे नेण्यासारखा मानावा, असा तो निकष. आपल्याकडे २००, ५००, कधी कधी १,००० मायक्रोग्रॅमला मिळालेला परिणामही ‘लक्षणीय’ म्हणून छापला जातो. २०० मायक्रोग्रॅम म्हणजे माणसाच्या शरीरात किती, याचा हिशेब कागदावर करून पाहता येतो. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ४० लिटर पाणी असते असे धरले, तर त्या सर्व पाण्यात ही मात्रा येण्यासाठी ८ ग्रॅम अर्क लागेल. सुक्या अळंबीतून दहावा हिस्सा अर्क निघतो असे मानले, तर ८० ग्रॅम सुकी अळंबी. ताज्या अळंबीत ९० टक्के पाणी असते, म्हणजे ताजी धिंगरी ८०० ग्रॅम. एवढी अळंबी एका बैठकीत खायची, तिच्यातील प्रत्येक कण आतड्यातून रक्तात शोषला जायला हवा, यकृताने त्यातले काहीही मोडून टाकता कामा नये आणि ती पातळी दोन दिवस तशीच टिकायला हवी, तेव्हा कुठे खळग्यातली परिस्थिती शरीरात निर्माण होईल. असे होत नाही, हे निबंध लिहिणाऱ्यालाही ठाऊक असते. तरीही हा हिशेब निबंधात का येत नाही, हे परीक्षकांनी विचारायला हवे.

इथवरचे आक्षेप कोणत्याही वनस्पतीच्या अर्काला लागू पडतात. अळंबीचा प्रश्न मात्र याहून वेगळा आहे, आणि तो समजण्यासाठी जपानकडे जावे लागते.

टोकियोच्या राष्ट्रीय कर्करोग केंद्राच्या संशोधन संस्थेत गोरो चिहारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिताके अळंबीच्या गरम पाण्यातील अर्कातून एक शुद्ध बहुशर्करा (शर्करेच्या अनेक रेणूंची लांब साखळी) वेगळी केली आणि १९६९ मध्ये ‘नेचर’मध्ये तिच्याविषयी लिहिले. हीच लेंटिनान. सार्कोमा १८० या कर्करोगाच्या गाठी रुजवलेल्या उंदरांना लेंटिनान टोचल्यावर त्या गाठी आक्रसल्या आणि पुष्कळ उंदरांत पूर्णपणे विरघळल्या. हीच लेंटिनान काचपात्रातल्या कर्करोगाच्या पेशींवर टाकली, तर त्यांना काहीही होत नव्हते. ज्या द्रव्यापासून अळंबीच्या कर्करोगविरोधी संशोधनाची आधुनिक परंपरा सुरू झाली, ते द्रव्य आपल्याकडच्या एमटीटी चाचणीत नापास झाले असते. १९७१ मध्ये याच गटाने दाखवले की उंदराची थायमस ग्रंथी, म्हणजे प्रतिकार करणाऱ्या टी-पेशी जिथे परिपक्व होतात ती ग्रंथी, काढून टाकली तर लेंटिनानचा परिणाम नाहीसा होतो. याचा अर्थ असा की लेंटिनान स्वतः कर्करोगाच्या पेशीला मारत नव्हती. ती शरीराच्या प्रतिकारयंत्रणेला चाळवत होती आणि गाठीवर हल्ला ती यंत्रणा करत होती.

पुढे या बहुशर्करांची रचना उलगडली. बीटा-ग्लुकान नावाच्या या साखळ्या बुरशीच्या पेशीभित्तिकेचा भाग असतात आणि आपल्या शरीरातील भक्षक पेशींवर डेक्टिन-१ सारखे ग्राही (रिसेप्टर) त्यांना ओळखण्यासाठीच असतात, कारण बुरशीचा संसर्ग ओळखणे ही त्या पेशींची नेहमीची कामगिरी आहे. अळंबी खाणे आणि प्रतिकारयंत्रणा जागी होणे यांत संबंध असू शकतो, ही कल्पना म्हणूनच निराधार नाही. पण ज्या तबकात फक्त कर्करोगाच्या पेशी आहेत, भक्षक पेशी नाहीत, टी-पेशी नाहीत, थायमस नाही, तिथे ही कल्पना तपासताच येत नाही. आणि तरीही अर्काने त्या तबकातल्या पेशी मेल्याच, तर त्या बीटा-ग्लुकानने मेल्या नसून अर्कातल्या दुसऱ्याच कशाने तरी मेल्या असण्याची शक्यता अधिक. निबंधाच्या प्रस्तावनेत लेंटिनानचा गौरव करायचा आणि पुढे मेथॅनॉलच्या अर्काची एमटीटी करायची, ही विसंगती मी इतक्या ठिकाणी पाहिली आहे की ती आता कोणाला खटकतही नसावी. या बहुशर्करा तर मेथॅनॉलमध्ये जवळपास उतरतच नाहीत.

प्रतिकारयंत्रणेच्या पेशी वापरून केलेल्या चाचण्यांतही सावधगिरी लागतेच. जिवाणूंच्या भित्तिकेतून येणारे एंडोटॉक्सिन अगदी नगण्य प्रमाणात असले तरी भक्षक पेशींना उत्तेजित करते, आणि शेणखत, पेंढा, ओलसर खोल्या यांच्या सान्निध्यात वाढलेल्या अळंबीच्या अर्कात ते असण्याची शक्यता भरपूर असते. ते काढून टाकल्याचा किंवा निदान मोजल्याचा पुरावा दिल्याशिवाय ‘अळंबीने प्रतिकारशक्ती वाढवली’ असे म्हणणे म्हणजे जिवाणूंचे श्रेय अळंबीला देणे. उंदरांवरचे पुरावेही तपासून घ्यावे लागतात. सार्कोमा १८० ही गाठ त्या उंदरांच्या दृष्टीने परक्या शरीरातून आलेली असते, म्हणून तिच्याविरुद्ध प्रतिकार जागा करणे तुलनेने सोपे असते. माणसाचा कर्करोग त्याच्या स्वतःच्याच पेशींतून उपजतो आणि प्रतिकारयंत्रणेला चकवण्यात तो तरबेज झालेला असतो. लेंटिनानचा परिणामही उंदरांच्या काही जातींत दिसला, काहींत दिसला नाही.

जपानने पुढे जे केले, त्यातून आपण सर्वांत जास्त शिकायला हवे, त्यातल्या यशापासून आणि त्याहून अधिक त्यातल्या अपयशापासून. १९८५ मध्ये जठराच्या कर्करोगात केमोथेरपीच्या जोडीने शिरेतून देण्यासाठी लेंटिनानला तिथे मान्यता मिळाली. त्याआधी १९७७ मध्ये ट्रॅमेटिस व्हर्सिकलर या बुरशीपासून काढलेल्या पीएसके या औषधाला मान्यता मिळाली होती. ती बुरशी चामड्यासारखी चिवट असते, खाण्याच्या कामाची नसते, पण द्रव्य त्याच कुळातले. पीएसकेविषयी १९९४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये जठराच्या शस्त्रक्रियेनंतरच्या २६२ रुग्णांचा अभ्यास आला. केमोबरोबर पीएसके घेतलेल्यांपैकी ७३ टक्के रुग्ण पाच वर्षांनी हयात होते, केवळ केमो घेतलेल्यांपैकी ६० टक्के. हा आकडा आशा वाटावी असाच होता. लेंटिनानच्या लहान चाचण्यांतील रुग्णांची माहिती एकत्र करून २००९ मध्ये जे विश्लेषण झाले, त्यातही आयुष्य थोडे वाढल्याचे दिसले.

मग मोठी चाचणी झाली. जठराचा कर्करोग शस्त्रक्रियेपलीकडे गेलेल्या किंवा उलटलेल्या ३०९ रुग्णांना यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागले. एका गटाला एस-१ हे केमोचे औषध, दुसऱ्याला एस-१ आणि लेंटिनान. २०१६ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. केवळ एस-१ घेणाऱ्यांचे मध्यक आयुष्य १३.८ महिने भरले, लेंटिनान जोडलेल्यांचे ९.९ महिने. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर निर्णायक नव्हता, त्यामुळे लेंटिनानने अपाय केला असे म्हणता येत नाही. पण फायदा झाला असेही कोणत्याच प्रकारे म्हणता येत नाही. उंदरात विरघळलेल्या गाठी, शुद्ध केलेले संयुग, उलगडलेली रचना, समजलेली कार्यपद्धती, सरकारी मान्यता, तीस वर्षांचा वापर, लहान चाचण्यांचा अनुकूल कौल, एवढे सगळे गाठीशी असताना शेवटच्या चाचणीत हा निकाल आला. हे वाचल्यावर एका तबकातील फिकट जांभळ्या रंगावर विसंबून एखाद्या अळंबीला ‘कर्करोगविरोधी’ म्हणण्याचे धाडस कोणी करू नये, असे मला मनापासून वाटते.

यावर काही जण असे म्हणतील की पहिली पायरी नेहमी कच्चीच असते, आणि टॅक्सॉल हे कर्करोगावरचे औषधही एका झाडाच्या सालीच्या अर्कापासूनच सुरू झाले. ते खरे आहे, आणि तो दाखला नीट पाहिला तर माझ्याच म्हणण्याला बळ देतो. पॅसिफिक यू या झाडाची साल १९६२ मध्ये गोळा झाली, तिचा अर्क पेशींना मारतो हे १९६४ मध्ये कळले, वॉल आणि वाणी यांनी संयुगाची रचना १९७१ मध्ये प्रसिद्ध केली, सूसन हॉर्विट्झ यांनी ते पेशीतल्या सूक्ष्मनलिकांना कसे जखडते हे १९७९ मध्ये दाखवले आणि औषध म्हणून मान्यता १९९२ मध्ये मिळाली. अर्कातून संयुग, संयुगातून कार्यपद्धती आणि तिथून रुग्ण, अशी ती तीस वर्षांची अखंड साखळी होती. सालीच्या अर्काची चाचणी तीस वर्षे तीस महाविद्यालयांत नव्याने झाली असती, तर टॅक्सॉल आजही सालीतच असते. शिवाय यूचे झाड विषारी आहे. पेशी मारणारे द्रव्य शोधायचे तर ते विषारी सजीवांत शोधणे तर्काला धरून आहे. अळंब्यांतही इल्युडिन हे पेशीमारक द्रव्य सापडले ते ऑम्फॅलोटस या विषारी अळंबीत. जी धिंगरी आपण पोरांना भाजी म्हणून वाढतो तिच्यात जालीम पेशीमारक द्रव्य भरपूर असेल, अशी अपेक्षाच मुळात विचित्र आहे. कॉर्डिसेप्स या बुरशीतल्या कॉर्डिसेपिनसारखे अपवाद आहेत, पण त्या द्रव्याला रक्तातले एक विकर काही मिनिटांत निकामी करते, आणि म्हणूनच ब्रिटनमध्ये त्याचे रासायनिक रूप बदलून, तिथल्या रुग्णांवर टप्प्याटप्प्याने चाचणी घेण्यात आली. कॉर्डिसेप्सच्या वाळलेल्या नारिंगी काड्या चहात घालून प्यायल्याने तेच साधेल, असे त्यावरून सिद्ध होत नाही.

मग खाद्य अळंबीची जमेची बाजू कोणती? ती खाद्य आहे, हीच. जे अन्न पिढ्यान्‌पिढ्या खाल्ले गेले आहे, ते मोजून, प्रमाणित करून, माणसाला देऊन पाहणे हे अनोळखी रसायनाच्या मानाने पुष्कळ लवकर करता येते. कॅलिफोर्नियातील सिटी ऑफ होप या कर्करोग केंद्राने हीच वाट धरली. प्रोस्टेटच्या कर्करोगावर उपचार झाल्यानंतर ज्यांच्या रक्तातील पीएसए (प्रोस्टेटमधून येणारे, रोग परतत असल्याची खूण मानले जाणारे प्रथिन) पुन्हा वाढू लागला होता, अशा ३६ पुरुषांना बटण अळंबीच्या भुकटीच्या गोळ्या दिवसाला ४ ते १४ ग्रॅम अशा चढत्या मात्रेत देण्यात आल्या. २०१५ मध्ये निकाल आला : चौघांना प्रतिसाद मिळाला, त्यांपैकी दोघांचा पीएसए मोजता येणार नाही इतका खाली गेला, आणि मात्रा थांबवावी लागेल असा त्रास कोणाला झाला नाही. ३६ पैकी चार, म्हणजे ११ टक्के, तुलनागट नाही, हे बरे होणे नव्हे आणि संशोधकांनीही तसे म्हटले नाही. त्यांनी रक्तातील प्रतिकार दडपणाऱ्या पेशींचे प्रमाण बदलते का ते पाहिले आणि पुढच्या टप्प्याची चाचणी हाती घेतली. द्रव्य ज्या प्रकारचे आहे त्याला साजेसा प्रश्न, माणसात मोजता येणारे माप, मर्यादित दावा आणि पुढची पायरी, हे सारे त्या एका लहान अभ्यासात आहे.

लोकसंख्येवरचे अभ्यास इथे फारसे मदतीला येत नाहीत. जपानमधल्या मियागी आणि ओसाकी येथील ३६,४९९ पुरुषांच्या पाहणीत वारंवार अळंबी खाणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग काहीसा कमी आढळला, तर अमेरिकेतील ६८,३२७ परिचारिका आणि ४४,६६४ पुरुष आरोग्यकर्मी यांच्या दीर्घ पाहणीत अळंबी खाणे आणि एकूण कर्करोग यांच्यात काहीच संबंध दिसला नाही. दोन्ही निष्कर्ष २०१९ मधलेच. आपल्या वर्तमानपत्रांनी पहिल्या प्रकारच्या बातम्या छापल्या आणि दुसऱ्या प्रकारच्या सोडून दिल्या.

महाराष्ट्राच्या बाबतीत मला सर्वांत जास्त हळहळ वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. या कामासाठी जे लागते ते जवळपास सगळे आपल्या दाराशी आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संवर्धन संग्रह आणि बुरशींचे वनस्पतिसंग्रहालय आहे, तिथे अळंबीची ओळख पटवून घेता येते आणि नमुना जपून ठेवता येतो. त्याच शहरात, विद्यापीठाच्या आवारात, राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे, जिथून देशभरच्या संशोधकांना सेल लाइन, म्हणजे प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवता येणारे पेशींचे वाण, मिळतात. खारघरला टाटा स्मारक केंद्राचे ॲक्ट्रेक हे कर्करोग संशोधन केंद्र आहे आणि तिथे कर्करोगविरोधी द्रव्यांची ठरावीक पद्धतीने, प्रस्थापित औषधाशी तुलना करून चाळणी करण्याची सोय आहे. तरीही निबंधात ‘बाजारातून आणलेली ऑयस्टर अळंबी’ एवढीच ओळख पुष्कळदा असते. आपले शेतकरी ज्या करड्या धिंगरीला साजर-काजू म्हणून वर्षानुवर्षे ओळखतात, ती शास्त्रीयदृष्ट्या प्लुरोटस पल्मोनेरियस ही जात असल्याचे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे, आणि खरी साजर-काजू ही वेगळ्याच प्रजातीची अळंबी आहे. नमुना जपलेला नसेल, तर त्या निबंधातील अळंबी नेमकी कोणती होती, हे दहा वर्षांनी कोणालाच सांगता येणार नाही. सेल लाइनचेही तेच. एमडीए-एमबी-४३५ नावाची सेल लाइन जगभर स्तनाच्या कर्करोगाची म्हणून वापरली गेली, ती मेलॅनोमाची, म्हणजे त्वचेच्या एका कर्करोगाची, निघाली. तिच्यावर आधारलेल्या असंख्य निष्कर्षांचे काय करायचे, हा पेच अजून सुटलेला नाही. ओळखपत्राशिवाय पेशी आणि ओळखपत्राशिवाय अळंबी घेऊन केलेला प्रयोग सार्वजनिक पैशातून होऊ नये, एवढा साधा नियम अनुदान देणाऱ्या संस्था उद्यापासून लागू करू शकतात.

या सगळ्याची किंमत शेवटी कोण मोजतो, हेही स्पष्ट सांगायला हवे. अळंबी लागवडीच्या प्रशिक्षणात वाटल्या जाणाऱ्या माहितीपत्रकांत प्रथिने, तंतू, जीवनसत्त्वे यांच्या यादीत ‘कर्करोगास प्रतिबंध’ ही ओळ सर्रास असते. ती ओळ पुढे बचत गटाच्या पाकिटावर जाते, पाकिटावरून व्हॉट्सॲपवर जाते, आणि केमोच्या तिसऱ्या-चौथ्या फेरीत उलट्यांनी हैराण झालेल्या माणसाच्या घरात पोहोचते. ‘विद्यापीठात सिद्ध झाले आहे’ हे शब्द तोवर तिला चिकटलेले असतात. त्या घरातले लोक भाबडे नसतात. खर्च वाढत असतो, रुग्ण खंगत असतो, आणि कोणीतरी विश्वासार्ह वाटेल असे काही सांगत असते, तेव्हा गोळ्या बंद करून भुकटी सुरू करावी असे वाटणे स्वाभाविक असते. कायदा या बाबतीत मुका नाही. औषधे आणि जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ च्या अनुसूचीत कर्करोग आहे, आणि खाद्यपदार्थावर रोग बरा करण्याचा किंवा टाळण्याचा दावा करायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनुसार मनाई आहे. पण पाकीट छापणाऱ्या महिलांवर कारवाई करून हा प्रश्न सुटणार नाही, कारण त्यांनी ते वाक्य स्वतः रचलेले नाही. ते शास्त्रज्ञांनी आणि प्रशिक्षकांनी त्यांच्या हाती दिले आहे. दुरुस्ती तिथूनच सुरू व्हायला हवी. धिंगरी विकण्यासाठी कर्करोगाच्या आधाराची गरजही नाही. सोयाबीनच्या भुसकटावर आणि भाताच्या पेंढ्यावर, जमीन नसलेल्या कुटुंबालाही वाढवता येणारे ते सकस अन्न आहे, आणि तेवढे म्हणणे पुरेसे व प्रामाणिक आहे.

खाद्य म्हणजे निर्धोक, हे गृहीतकही अर्कांना आणि गोळ्यांना लागू पडत नाही. जपानमध्येच २००६ साली ॲगॅरिकस ब्लाझेई या अळंबीच्या एका उत्पादनाने उंदरांवरील चाचणीत कर्करोगाला चालना मिळण्याची चिन्हे दाखवली आणि ते बाजारातून मागे घ्यावे लागले. ही अळंबी तिथे कर्करोगाचे रुग्ण मोठ्या आशेने घेत होते. अर्धीकच्ची शिताके खाल्ल्यावर काहींच्या अंगावर चाबकाच्या वळांसारखे लाल पट्टे उठतात आणि त्याचे कारण तीच लेंटिनान मानली जाते. भाजीतल्या चार तुकड्यांपासून भीती नाही, पण दहापट संहत केलेल्या भुकटीची तपासणी औषधाप्रमाणेच व्हायला हवी.

विद्यार्थ्यांना सोपे प्रयोग हवे असतात, महाविद्यालयांकडे प्राण्यांवरील चाचण्यांची सोय नसते, पदोन्नतीला शोधनिबंध मोजले जातात, ही अडचण खरी आहे आणि मी ती हलकी मानत नाही. पण सोपा प्रयोग निरर्थकच असावा लागतो असे नाही. सह्याद्रीत आणि विदर्भात पहिल्या पावसानंतर वारुळांतून उगवणाऱ्या अळंब्यांच्या जातींची नोंद, वेगवेगळ्या पेंढ्यावर वाढवलेल्या धिंगरीतील बीटा-ग्लुकानचे मापन, शिजवल्यावर आणि वाळवल्यावर त्यात होणारा बदल, बाजारातल्या ‘औषधी अळंबी’च्या कॅप्सूलमध्ये अळंबी किती आणि तिच्या वाढीसाठी वापरलेले धान्य किती, याची तपासणी : हे सर्व एका साध्या प्रयोगशाळेत होऊ शकते आणि यातल्या प्रत्येक उत्तराचा कोणाला तरी उपयोग आहे. कर्करोगाचा प्रश्न ज्यांना हाती घ्यायचा आहे त्यांनी तो टाटासारख्या रुग्णालयांच्या सोबतीनेच घ्यावा. तिथल्या डॉक्टरांनी स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेआधी गाठीभोवती लिडोकेन हे जुने, स्वस्त, बधिर करणारे औषध टोचले तर काय होते, हे जवळपास १,६०० स्त्रियांच्या यादृच्छिक चाचणीतून पाहिले आणि २०२३ मध्ये दाखवून दिले की पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचे प्रमाण ८६.४ टक्क्यांवरून ९०.१ टक्क्यांवर जाते. स्वस्त आणि साध्या गोष्टीची कठोर परीक्षा घेण्याची कुवत या राज्यात आहे, याचा याहून चांगला पुरावा कोणता?

म्हणून पेशींच्या तबकांवर विखुरलेल्या वीस लहान प्रकल्पांऐवजी एकच प्रकल्प उभा राहावा, असे मला वाटते. जात निश्चित केलेली धिंगरी, एकाच पद्धतीने वाढवलेली आणि वाळवलेली, बीटा-ग्लुकानचे प्रमाण मोजलेली. आघारकरमध्ये जपलेला तिचा नमुना. एंडोटॉक्सिनसाठी तपासलेली भुकटी. केमो सुरू असलेले, संमती दिलेले रुग्ण, निम्म्यांना ही भुकटी आणि निम्म्यांना दिसायला-चवीला तशीच दुसरी भुकटी, कोणाला काय दिले ते रुग्णाला व डॉक्टरला न कळता. मोजायचे ते रुग्णाला जाणवेल असे : पांढऱ्या पेशी किती टिकल्या, संसर्ग किती वेळा झाला, केमोची फेरी पुढे ढकलावी लागली का, वजन आणि भूक राहिली का. गाठ विरघळेल असे कोणी कोणाला सांगायचे नाही. चाचणीची नोंद क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत आधी करायची, काय मोजणार ते आधी लिहून ठेवायचे, आणि फायदा आढळला नाही तरी तो निकाल ठरलेल्या मुदतीत प्रसिद्ध करण्याची अट अनुदानाच्या मंजुरीपत्रातच घालायची.